डेक्सामध्ये ऑस्टिओपेनिया आलंय, चालते तर रोजच. आता वजनं उचलायची का?

खडीसाखर

नमस्कार मंडळी. वय ४९, मुक्काम डोंबिवली पूर्व, नोकरी फोर्टात एका बँकेत. पाळी जाऊन दोनेक वर्षं झाली. आई ७४व्या वर्षी बाथरूममध्ये घसरली आणि तिचा खुबा मोडला, म्हणून आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मला जरा लवकरच डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायला लावलं. रिपोर्ट असा: कंबरेचे मणके टी-स्कोअर उणे १.९, फेमर नेक (खुब्याजवळ मांडीच्या हाडाची मान) उणे १.६. खाली ठळक अक्षरात ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत. थायरॉईड, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व सगळं तपासून झालं. ड कमी निघालं, बाकी ठीक. "औषधाची आत्ता गरज नाही, व्यायाम वाढवा," असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

वाढवा म्हणजे नेमकं काय वाढवू? सकाळी पाऊण तास मी चालतेच. घरडा सर्कलपर्यंत जाऊन परत, पाऊस असला तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल. लोकलमध्ये जाताना बसायला मिळणं हा आमच्याकडे लॉटरीचा प्रकार, त्यामुळे सीएसएमटीपर्यंत उभीच. वर पुलांचे जिने. एवढं करून हाडं विरळ होत असतील तर न चालणाऱ्यांचं काय होत असेल?

सल्ले भरपूर मिळालेत. दीर म्हणतात पोहायला जा, सांध्यांना त्रास नाही. नणंद योगवर्गाला जाते, ती म्हणते सूर्यनमस्कार आणि पश्चिमोत्तानासन, बस्स. सोसायटीच्या जिममधल्या मुलाने दोन-दोन किलोचे गुलाबी डंबेल हातात दिले. ते मी मोबाईल बघत बघत उचलू शकते. माझी भाजीची पिशवी त्याहून जड असते. आणि तळमजल्यावरच्या काकूंनी बजावलंय की या वयात जड उचललंस तर अंग बाहेर येईल.

एका मैत्रिणीच्या फिजिओने तिला चक्क बार घेऊन डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं, करायला लावलीय. तिचं वय ५२. ऐकून मी गार पडले, पण तेव्हापासून डोक्यातून जातही नाहीये.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'तुमच्या डॉक्टरांना विचारा' हे सोडून काहीतरी सांगा. विचारलंय.

गोदाकाठ

नाशिकला फिजिओथेरपीची प्रॅक्टिस आहे, निम्म्याहून जास्त पेशंट तुमच्याच वयाच्या बायका. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेलं नाही, त्यामुळे जे लिहितोय ते सर्वसाधारण समजा.

आधी रिपोर्टबद्दल. टी-स्कोअर म्हणजे ऐन तारुण्यातल्या निरोगी हाडांशी केलेली तुलना. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं. म्हणजे तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात. पाळी जाण्याच्या आसपासच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन घटल्यामुळे हाड झपाट्याने कमी होतं, नंतर तो वेग मंदावतो. सध्या तुमचा तो उताराचा काळ चालू आहे, म्हणून आत्ता केलेल्या गोष्टीला किंमत जास्त. आईचा खुबा मोडलेला असणं हाही धोक्याच्या हिशोबात धरला जाणारा मुद्दा आहे, तो प्रत्येक डॉक्टरला सांगत चला.

आता चालणं. ते सोडू नका. हृदय, साखर, झोप, सगळ्याला चांगलं. पण हाडाच्या आत ज्या पेशी भार मोजतात, त्यांना रोजचा सवयीचा भार जाणवेनासा होतो. तुम्ही कित्येक वर्षं त्याच वेगाने, त्याच रस्त्याने चालताय. तेवढ्या भाराला पुरेल इतकं हाड शरीराने ठेवलेलं आहे, जास्त कशाला बांधेल? चालण्याने खुब्याला थोडा आधार मिळतो, कंबरेच्या मणक्यांना फारसा नाही. लोकलमध्ये उभं राहणं तर स्थिर भार, त्याची हाड दखलच घेत नाही. हाडाला जाग येते ती अचानक येणाऱ्या, सवयीपेक्षा मोठ्या आणि वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या भाराने. तोही थोडाच लागतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की काही डझन धक्क्यांनंतर या पेशी प्रतिसाद देईनाशा होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर परत देऊ लागतात. म्हणून तासभर एकच गोष्ट करण्यापेक्षा सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं बरी.

पोहणं आणि सायकल: दमसास उत्तम, हाडांसाठी जवळजवळ शून्य. पाण्यात शरीराचा भार पाणी घेतं, सायकलवर सीट घेते. रस्त्यावर शर्यती खेळणाऱ्या व्यावसायिक सायकलपटूंच्या मणक्यांची घनता कमी निघते, हे अनेकदा दिसून आलंय. अंतराळवीरांचं तर विचारूच नका. भारच नाही, म्हणून खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का या वेगाने जायचं. त्यामुळेच त्यांना वर यानात रोज व्यायाम करावा लागतो.

तुमच्या मैत्रिणीच्या फिजिओने वेडेपणा केलेला नाही. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला ग्रिफिथ विद्यापीठात 'लिफ्टमोर' नावाचा प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१८ मध्ये छापून आले. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. त्यांचे दोन गट केले. एका गटाने घरी हलका व्यायाम केला. दुसऱ्याने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, ८ महिने, देखरेखीखाली जड काम केलं: डेडलिफ्ट, खांद्यावर बार घेऊन बैठक, डोक्यावर वजन ढकलणं, आणि उडी मारून बारला धरून वर जायचं नि जमिनीवर धप्पकन उतरायचं. वजन किती? जे जेमतेम एकदाच उचलता येईल, त्याच्या ८५ टक्क्यांहून जास्त. पाच-पाच वेळा, पाच फेऱ्या. या गटाच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, हलक्या व्यायामवाल्यांची १.२ टक्क्यांनी घटली. गुलाबी डंबेलबद्दल तुमचं मत बरोबर आहे.

पण 'देखरेखीखाली' हा शब्द वाचताना गाळू नका. पहिला महिना त्यांनाही फक्त हालचाल शिकवण्यात घालवला होता. मी काय करतो ते सांगतो. पहिल्या दिवशी झाडूचा दांडा. तो पाठीला उभा लावायचा: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीन जागी टेकला पाहिजे. मग गुडघे किंचित सैल ठेवून खुब्यातून पुढे झुकायचं, तिन्हीतली एकही जागा दांड्यापासून सुटता कामा नये. बहुतेकींचं माकडहाड सुटतं, कारण आपण कंबरेतून वाकतो. हे जमेपर्यंत वजन नाही. मग पाच किलोची तांदळाची पिशवी, मग दहाची, मग बार. भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो आणि आपल्याकडच्या बायका तो वेडावाकडा हिसके देत सरकवत असतातच; तेच वजन नीट उचलायला शिकायचं आहे, एवढं समजा.

नणंदबाईंच्या सल्ल्यावर एक लाल खूण. पश्चिमोत्तानासन, हलासन, पायाचे अंगठे धरणं, सिट-अप्स, म्हणजे ज्यात पाठीची कमान पुढे होते ते सगळं विरळ मणक्यांना धोक्याचं. मेयो क्लिनिकच्या १९८४ सालच्या एका अभ्यासात मणक्यांचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायका होत्या. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नंतर नवी पडझड दिसली, पाठ मागे ताणण्याचे करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींच्या. अभ्यास छोटा आणि जुना आहे, आणि तुम्ही अजून त्या पट्ट्यात नाही. तरी मी माझ्या पेशंटना भुजंगासन, शलभासन, वीरभद्रासन, वृक्षासन ठेवायला सांगतो आणि पश्चिमोत्तानासन सोडायला. योगवर्गात हे आधी सांगून ठेवा, नाहीतर शिक्षक मागून येऊन पाठ दाबतात.

निवांत

आमच्या आज्या कुठल्या जिमला गेल्या होत्या? नाचणीची भाकरी, अंगणातलं ऊन आणि घरकाम. नव्वदीपर्यंत टुणटुणीत. हे सगळं डेक्सावाल्यांचं आणि जिमवाल्यांचं मार्केटिंग आहे.

खडीसाखर

निवांतराव, माझी आजी गुहागरची. विहिरीचं पाणी शेंदून दोन हंडे एकावर एक घेऊन पायऱ्या चढायची. मुसळाने कांडायची, जात्यावर दळायची. त्याला घरकाम म्हणायचं असेल तर मी जे करते ते काय? मिक्सरचं बटण, वॉशिंग मशीनचं बटण आणि लिफ्टचं बटण. आणि शेवटी शेवटी आजी कंबरेत काटकोनात वाकलेली होती. वय झालं म्हणून वाकली, असं आम्ही म्हणायचो. आता वाटतं, मणके एकेक करून दबत गेले असणार, पण बघायला कुणी गेलं नाही.

नाचणी मात्र खाते.

गोदाकाठ

नाचणी खाच. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे एका मध्यम भाकरीत दीड-पावणेदोनशे धरा. पेलाभर दुधात दोन-सव्वादोनशे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२०च्या शिफारशीत मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० सांगितलेत. एकदा कागदावर दिवसभराचा हिशोब मांडून बघा, तूट आपोआप कळेल. ड जीवनसत्त्वाचं ६० हजार युनिटचं पाकीट डॉक्टरांनी जितके आठवडे सांगितलं तितकेच घ्या. बरं वाटतंय म्हणून वर्षभर दर रविवारी घेणारे माझ्याकडे येतात. त्यात रक्तातलं कॅल्शियम वाढून भलतंच काही होऊ शकतं.

प्रथिनं विसरू नका. वजन उचलायचं आणि जेवणात पातळ वरण-भात, हे जमत नाही.

तालीमबाज

पुरुषांचं कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. वय ५८, कोल्हापूर. दम्यासाठी बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या अधूनमधून घ्याव्या लागल्या. मोटारसायकल उभ्या उभ्या कलंडली, हात टेकला, मनगट मोडलं. तेवढ्यावर मोडायला नको होतं, असं म्हणून हाडाच्या डॉक्टरांनी डेक्सा सांगितलं, तर मणके उणे २.७. माझा चेहरा बघून डॉक्टर म्हणाले, बायकांचाच आजार आहे असं कुठं लिवलंय? मला औषध चालू आहे आणि व्यायामही, दोन्ही. व्यायाम केला म्हणून औषध सोडायचं नाही, असं ठणकावून सांगितलंय.

तरुणपणी तालमीत जात होतो. म्हटलं, परत जोर मारू. फिजिओ म्हणाले, जोर थांबवा, त्यात पाठ गोल होते. बैठका चालतील, पण पाठ ताठ. मुद्गल चालतंय, हलकं घेऊन सुरुवात. मी दोन किलोच्या लाकडी जोडीपासून परत सुरू केलं. खांदा, मनगट, बोटांची पकड, सगळं एकदम लागतं. वस्ताद असते तर हसले असते, पण असू दे.

ताई, एक गोष्ट डोक्यात ठेवा: हाड मोडतं ते पडल्यावर. आपण सगळे घनतेच्या मागं लागलोय, पण पडलोच नाही तर निम्मं काम झालं. मी दात घासताना एका पायावर उभा राहतो, दुसरा हात बेसिनजवळ. आधी लगेच डुगडुगायचो, आता एक बाजू पूर्ण घासून होते.

कोथरूडकरीण

मला कुणीतरी ओरडणार, तरी विचारते. आमचा मंगळागौरीचा ग्रुप आहे. बहुतेक जणी ४५ ते ६०. श्रावणाच्या आधी दोन-अडीच महिने सराव सुरू होतो: झिम्मा, पिंगा, फुगडीचे सतरा प्रकार, सूप घेऊन नाच. दोन तासांत घामाच्या धारा. वर गोदाकाठ यांनी लिहिलंय की अचानक, मोठा आणि वेगवेगळ्या दिशांचा भार हवा. मग फुगडी याहून वेगळं काय करते? पाय आपटतात, अंग मागे झोकलेलं, हातांवर समोरचीचं सगळं वजन, आणि दिशा क्षणाक्षणाला बदलते. चालायला जायचा मला जाम कंटाळा आहे, याचा नाही.

फक्त दोन गोष्टी. बसफुगडीनंतर माझे गुडघे दोन दिवस बोलतात. आणि दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही, पण आमच्यातल्या निम्म्या जणी सरावाच्या आधी बाथरूमला जाऊन येतात आणि तरी पॅड लावतात. उड्या मारल्या की थेंब थेंब होतं. खडीसाखर, तुमच्या तळमजल्यावरच्या काकूंना कदाचित हेच म्हणायचं असेल.

खडीसाखर

अगदी. लिहिलंत ते बरं केलंत. मला शिंकताना होतं. दोरीच्या उड्या मारून बघाव्यात असं ठरवून दोरी आणली होती, ती पहिल्याच दिवशी या कारणाने खुंटीला लागली. बाईंना सांगायला लाज वाटली. लाज कसली, त्या तेच बघतात दिवसभर, पण नाही सांगितलं.

गोदाकाठ, यावर लिहाल का? आणि काकूंचं भय कितपत खरं? शेवटचा प्रश्न, सहा महिन्यांनी परत डेक्सा करू का? एवढं सगळं करायचं तर निकाल कळायला नको का!

गोदाकाठ

फुगडीवर मी तरी ओरडणार नाही. मंगळागौरीच्या खेळांवर हाडांच्या दृष्टीने कुणी मोजमाप केलेलं माझ्या वाचनात नाही, पण भाराचा प्रकार बघितला तर तो हाडाला आवडणाराच आहे. अडचण अशी की श्रावण संपला की ग्रुप बंद. हाडाची एक दुरुस्ती-फेरी, म्हणजे जुनं खणून काढणं, नवं भरणं आणि ते पक्कं होणं, यात काही महिने जातात. अडीच महिने धुमाकूळ आणि मग साडेनऊ महिने आराम, यातून फार हाती लागत नाही. वर्षभर आठवड्यातून दोनदा अर्धा तास खेळा. बसफुगडी ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी सोडून द्यावी, उभी फुगडी पुरे. ज्यांचा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली आहे किंवा मणका आधीच दबलेला आहे, त्यांनी फुगडी खेळू नये. तिथे हात सुटून पडण्याचा धोका फायद्याहून मोठा.

आता थेंबांबद्दल. फार जणींना होतं आणि त्यावर उपाय आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुबळे असले की धक्का बसल्यावर झडप वेळेवर मिटत नाही. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पोट आणि मांड्या सैल ठेवून. काही सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. लघवी चालू असताना ती अडवून सराव करू नका, स्नायू ओळखण्यापुरतं एखाद्या वेळी ठीक. सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं, ते बहुतेक जणी करत नाहीत. तीनेक महिने रोज केल्यावर बऱ्याच जणींना फरक पडतो. यातल्या खास प्रशिक्षण घेतलेल्या महिला फिजिओ आता मोठ्या शहरांत मिळतात.

तोवर दोरी खुंटीलाच राहू दे. ओट्याला हात टेकवून टाचा उचला आणि धप्पकन खाली सोडा. धक्का टाचेतून खुब्यापर्यंत जातो, उडीपेक्षा सौम्य. दहा-दहाच्या दोन-तीन फेऱ्या, चहा उकळेपर्यंत होतात. त्यात थेंब येईनासे झाले की दोन्ही पायांवर छोट्या उड्या, पुढे, मागे, बाजूला. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

काकूंचं भय निराधार नाही, अर्धवट आहे. श्वास कोंडून, पोट फुगवून जड उचललं तर सगळा दाब खाली जातो. खाली जड वाटत असेल, काही उतरल्यासारखं, बसल्यासारखं वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या, मग वजन. तसं काही नसेल तर वजन उचलायला बंदी नाही. वजन वर घेताना श्वास सोडायचा आणि तळाचे स्नायू आधी आवळून घ्यायचे, एवढी सवय लावा. वजन वाढवायचं ते याच बेताने: थेंब आला किंवा खाली दाब जाणवला तर त्या दिवशी एक पायरी खाली.

डेक्सा सहा महिन्यांनी करू नका. पैसे जातील आणि जीव टांगणीला लागेल. दोन-तीन टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या मोजणीतही पडू शकतो, आणि तुमची वर्षाची कमाई साधारण तेवढीच असणार. दीड-दोन वर्षांनी करा, त्याच केंद्रात, त्याच मशीनवर, आणि जुना रिपोर्ट घेऊन जा. आकडा होता तिथेच राहिला तरी मी ते यश धरेन, कारण या वयात काही न करता तो खाली जातो. सोसायटीत टाचेला यंत्र लावून फुकट तपासणी करणारे शिबिरवाले येतात, त्यांचा आकडा या आकड्याशी जुळवत बसू नका. ती वेगळी तपासणी आहे.

मधल्या काळात निकाल बघायचाच असेल तर खुर्चीवरून हात न लावता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते आज मोजून ठेवा, आणि तीन महिन्यांनी परत मोजा.